न घेतलेली शपथ

अध्यक्ष महोदय आदरणीय अब्दुलमजीद साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, जिल्ह्यातल्या शाळांमधून आलेल्या माझ्या समुपदेशक भगिनींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला जीभ रेटत नाही त्या आमच्या इंशिराहबाई,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. मी दोनात कधीच थांबत नाही, तेव्हा साहेबांनी कृपा करून घड्याळाकडे बघू नये.

बाई राजधानी अम्मानहून आम्हाला समुपदेशन शिकवायला आल्या, तेव्हा आम्ही गालात हसलो होतो. मुलांचं दुःख ऐकायला का प्रशिक्षण लागतं? आणि आपण तर या करक गावची माणसं! पाहुण्याने कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला, की त्याचं मागणं ऐकायच्या आधीच आपण म्हणतो, "प्या, दिलं!" या एका पेल्यावर आपण लेकी दिल्यात, खून माफ केलेत. वर्गात बाईंनी स्वतः विद्यार्थिनीचं सोंग घेतलं, पेला न पिता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कुणाला सांगणार नाही, अशी शपथ घ्या." आम्ही सगळ्या एका सुरात, "घेतली गं बाळा!"

बाई कडाडल्या, "झालं! आता ती काय सांगणार आहे, माहीत आहे का तुम्हाला? आधी ऐका. शब्द नंतर द्या."

मागच्या बाकावरून आमच्यातलीच उम्म सालेह म्हणाली, "बाई, आमच्याकडे याला कंजूषपणा म्हणतात."

"म्हणू देत. व्हा कंजूष!"

गेल्या हिवाळ्यात नववीतली एक मुलगी माझ्या खोलीत आली. मी चहा दिला. तिने तो न पिता खाली ठेवला. "आधी शपथ घ्या, आईला सांगणार नाही." अहो, 'घेतली' हा शब्द अगदी ओठावर आला होता! पण म्हटलं, "शपथ नाही घेणार. तू बोलेपर्यंत इथून उठणारही नाही."

"मग तुमचा उपयोग काय?" म्हणत ती दारापर्यंत गेली. ही गेली तर? दाराशीच, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "मला जगायचं नाही."

शपथ घेतली असती, तर मी काय केलं असतं हो? त्याच दुपारी आईला बोलावलं. मुलीला शेजारी बसवून, तिच्याच शब्दांत सांगितलं. आईने तिला घट्ट धरलं ते डॉक्टरांच्या दारापर्यंत सोडलं नाही. आज पोरगी दहावीत आहे, जेवते, भांडते, मैत्रिणींत खिदळते. बाई, हे तुमचं देणं आहे.

बोलण्यात काही कमीअधिक झालं असेल, तर आपली म्हणून सांभाळून घ्या. एक निरोप तेवढा राहिला. हे सगळं इथे सांगू का, असं मी तिला आधी विचारलं होतं. म्हणाली, "सांगा. पण मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, तेही सांगा."

दर गुरुवारी येते आणि माझ्यावर रागावते. तिच्या त्या रागाबद्दल, बाई, तुमचे मनापासून आभार.