शिवणाच्या मशीनची तिकिटं

...नाही हो, हसत नाहीये, सकाळपासून चेहराच असा झालाय – बायको म्हणाली, ऑफिसात असा जाऊ नकोस, पैसे मिळाल्यासारखा दिसतोस, साहेब फाइल बंद करेल. तुमचं काय, पेन्शन? मग सरका थोडं, आपल्याला वेळच वेळ आहे. माझी टपालाची ठेकेदारी. दोन टेम्पो होते, आता एक. दुसरा या ऑफिसाने खाल्ला – एक लाख ब्याऐंशी हजार वसूल केले माझ्याकडून, आणि ते परत मागायला सात वर्षं मी या बाकावर बसतोय. बाक दोनदा बदलला, साहेब पाच बदलले.

वाद काय? वजनाचा. आमचे पैसे पोत्याच्या वजनावर. रोज कोण मोजणार – म्हणून तीन वर्षांतून एकदा पंधरा दिवस काटा लावतात आणि त्या सरासरीवर पुढची तीन वर्षं दर. एरवी माझं पोतं वीस किलोचं, त्या पंधरवड्यात भरलं चौतीस. दर वाढला, मीही खूश, तेही खूश. मग तीन वर्षांनी यांना जाग आली की त्यातले चौदा किलो म्हणजे एकच पार्सल – आज जातंय, उद्या येतंय. मी म्हटलं, मग? तिकिटं लावली होती, शिक्के मारले होते, वाहिलं मी. ओझं काय खोटं होतं? माझ्या पाठीला विचारा.

पार्सलात? शिवणाचं मशीन. वडिलांचं, ते शिंपी होते. ते गेले आणि आम्हा दोघा भावांना तेच हवं झालं – घर नको, भांडी नकोत, मशीन. मी उचलून आणलं, दादाने बोलणं टाकलं. अकरा वर्षं झाली. तर मला आपलं वाटलं, जाऊ दे, मोठा आहे, पाठवून द्यावं त्याला – हो, नेमकं त्याच पंधरवड्यात वाटलं. तुम्ही असे बघू नका. बरं, काटा लागला होता म्हणून वाटलं, झालं समाधान? पण त्याने ठेवून घेतलं असतं तर एकदाच गेलं असतं ना. त्याने सोडवून घेतलं, स्वतःच्या पैशाने तिकिटं लावली, पत्त्यात माझ्या नावाऐवजी नुसतं ‘टपाल ठेकेदार’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी परत. मी पुन्हा पाठवलं. त्याने पुन्हा. सात वेळा. पोस्टातली बाई म्हणायची, आज मशीन कोणीकडे निघालं?

आता यांचं म्हणणं, पार्सल खरं होतं असा जबाब घेणाऱ्याने लिहून द्यावा. म्हणजे दादाने. स्वतःच्या मुलाला दोन मार्कांनी नापास केलेला मास्तर तो, तो माझ्यासाठी लिहिणार? आठ महिने मी त्या जबाबाचा कोरा नमुना पाठवायची हिंमत केली नाही, मग एकदाचा टाकला पोत्यात. आणि आज सकाळी – हा बघा – लखोटा. माझ्याच पोत्यातून आला. वर साहेबांचं नाव, खाली ‘मार्फत’ म्हणून माझं. अकरा वर्षांत त्याने माझं नाव पहिल्यांदा लिहिलंय, आणि ‘र’ अजून तसाच, शेपटी लांब.

नाही, उघडायचा नाही. वरचं लाखेचं सील फुटलेलं दिसलं तर जबाब बाद, नियम आहे. तसाच द्यायचा आत. पण हातात घेऊन बघा जरा – जाड नाही लागत? नमुना एका पानाचा आहे, मीच पाठवला. मग दुसरा कागद कसला? माझ्यासाठी चिठ्ठी असेल तर ती जाईल फाइलीत. इथे आत गेलेला कागद बाहेर येत नाही हो, माझ्या मूळ पावत्या सहा वर्षं आत आहेत. शिव्या असतील म्हणता? असू देत की. मलाच आहेत ना त्या, साहेबाला कशाला –

फोडला. हो, फोडला, दिसतंय मला.

थांबा, वाचू द्या. पार्सल मिळाले काय – होय. आपण मागवले होते काय – होय. होय? परत का पाठवले – ‘दुरुस्तीसाठी.’ अहो, दुरुस्तीसाठी, सात वेळा! हा माणूस खोटं बोललाय, सरकारी कागदावर, खाली सही करून. माझ्यासाठी खोटं लिहिलं त्याने.

आणि हे दुसरं... बिल आहे. सात वेळच्या तिकिटांचं, तारीखवार, बेरीज खाली लाल शाईत. ‘ही रक्कम तू मला देणे लागतोस. मनीऑर्डर स्वीकारली जाणार नाही. समक्ष आणून द्यावी. येताना मशीन आणणे. टपालाने पाठवू नये.’

काय? माझाच नंबर पुकारला, ऐकला मी. तुम्ही जा माझ्याऐवजी, जा हो, साहेब जेवायला उठायच्या आत. मी आत जाऊन काय सांगू, लाख फुटलीय. त्यांना म्हणावं, तो गेला – त्याच्यावरच वसुली निघालीय. आणि सरका, टेम्पोची किल्ली तुमच्या खाली आहे.