अब्बा नावाची लिंक

फाइल पुसायला म्हणून बसलो आणि साहेबांशी खोटं बोलून उठलो, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं की!

आमच्या संगमनेरच्या डेअरीत रोज सकाळी भोंग्यावर रहीमचाचांचा आवाज लागायचा, "चला, काटा सुरू झाला! गाईचं इकडं, म्हशीचं तिकडं!" चाचा जाऊन वर्ष झालं, तरी रेकॉर्डिंग वाजतच होतं. परवा साहेब म्हणाले, "आता मशीनचा आवाज आलाय. ती जुनी फाइल काढून टाक."

आता आमच्या कंप्युटरवर लिनक्स आहे, त्यात एका फाइलकडं बोट दाखवणाऱ्या लिंका कुठंही असू शकतात. मूळ फाइल गेली की लिंक उरते, पण उघडत नाही. म्हणून मी आधी लिंका शोधायची कमांड मारली, find -L /home -samefile आणि पुढं फाइलचा पत्ता. एकच लिंक सापडली, रेहानाच्या फोल्डरमध्ये. नाव होतं 'अब्बा'.

रेहाना चाचांची पोरगी, आमच्याच ऑफिसात बसते. तिला विचारलं, "ही तू केलीस?"

"व्हय भाऊ. डबा खाताना लावते. म्हशीचं म्हणायच्या आधी जरा खोकतात ना, तेवढं ऐकायला."

साहेबांनी ती काढायला सांगितलीय, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "काढायची तर काढा. फक्त माझी लिंक राहू द्या. उघडली न्हाई तरी नाव दिसंल."

तेवढ्यात साहेब दारातून ओरडले, "काढली का रे फाइल?"

म्हटलं, "निघत न्हाई साहेब. वापरात हाय."