ऐंशी सालचा अर्ज

(मे १९८७. नव्या लातूर जिल्ह्यातलं एक सरकारी कार्यालय. लाईट आत्ताच परत आली आहे. कॉम्प्युटरवर तारामती, समोर गावासाठी टँकर मागायला आलेली सरजाबाई. यादी न्यायला येतील ते अव्वल कारकून किशनराव.)

सरजाबाई : मग तारीख चुकली म्हनून आमचा टँकर रद्द?

तारामती : रद्द नाही, मावशी. उलट तुमचं गाव यादीत पहिलं आलंय. तीच पंचाईत.

सरजाबाई : पयलं आलं तर पंचाईत कशाची?

तारामती : लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झालं, त्यानं तारीख विचारली. मी घाईत न टाकताच पुढं गेले. त्यानं तुमच्या अर्जावर एक जानेवारी ऐंशी मारली. ज्याचा अर्ज जुना, त्याचं नाव वर.

सरजाबाई : एवढं मोठं मशीन, त्याला साल कळंना?

तारामती : त्याला काहीच कळत नाही. आत एक टायमर चिप असते. तिला एक आकडा द्यायचा. ती तो एकेक करत उतरवते, शून्य झालं की टकोरा देते, की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला अठरा टकोरे. मशीन ते टकोरे मोजून वेळ सांगतं.

सरजाबाई : हाव. आमच्या हिरीवर पाळी लावणारा नरसिंग हेच करून राहिला. घरटी शंभर आकडे. उलटे मोजत येतो, संपले की थाळी वाजवतो, मग दुसरीनं घागर लावायची. घरात बाळंतीण असली तर दीडशे.

तारामती : तेच. आकडा आपण ठरवायचा. चिपमध्ये असे तीन नरसिंग. एक वेळ मोजतो, एक मशीनला आत ठेवलेलं विसरू देत नाही, एक पीं असा आवाज काढतो.

सरजाबाई : आन लाईट गेली की?

तारामती : तिघंही गप. चालू केलं की मशीन ऐंशी सालात.

सरजाबाई : आमच्या नरसिंगला डुलकी लागली तर बायाच भांडून सांगत्यात, कुठवर आलता ते.

तारामती : इथं मलाच सांगावं लागतं. आजची तारीख टाकली की तुम्ही त्रेसष्टाव्या नंबरावर. टँकर दहाच आहेत.

सरजाबाई : हिरीत गाळ ऱ्हायलाय, बाई. लेकरं गाळ गाळून पित्यात.

तारामती : मला लई वाईट वाटतं, मावशी. पण खोटी तारीख मी ठेवणार नाही.

सरजाबाई : खोटी कोन म्हनलं? ऐंशीलाच आमच्या मालकानं पाण्याचा पयला अर्ज दिलता, जुन्या जिल्ह्याला. जिल्हा तुटला, कागद तिकडंच ऱ्हायला. मालकबी गेले. ही घ्या पोच.

तारामती : बारा मार्च ऐंशी. शिक्का आहे.

सरजाबाई : मग?

तारामती : मग मशीन सव्वादोन महिनेच चुकलं. तारीख पहिल्या अर्जाचीच धरायची असते. बारा मार्च टाकते.

सरजाबाई : आन नंबर?

तारामती : पहिलाच.

किशनराव : तारामतीबाई, यादी झाली का? साहेब सहीला थांबलेत. हे काय? मार्च ऐंशी? अहो, तेव्हा हा जिल्हाच नव्हता!

सरजाबाई : जिल्हा नव्हता, साहेब. आमी व्हतो.

किशनराव : द्या इकडं ती यादी. सही घेऊन येतो.