मेरलेची उंची

बसा हो झायडेलबाई — बर्फ गुळगुळीत करायचं मशीन फिरतंय, मेरले बुटांच्या नाड्या सोडतेय, वेळ आहे — आणि केक घ्या, बहिणीने केलाय. तर बर्लिनहून फोन आला म्हणता? खुद्द कॅरोलाचा? जोडीच्या स्केटिंगसाठी तिला माझी मेरले हवी — तुमचीच हो, तुमचीच, इतकी वर्षं शिकवलं म्हणून तोंडात येतं.

छे, मी कशाला नाही म्हणू? कॅरोला मोठी बाई. युरोपात कांस्यपदक, बर्लिनची भिंत पडल्यावर पश्चिमेकडच्या आइस-शोमध्ये पिसं लावून नाचली, जिकडेतिकडे पोस्टरवर हीच, आता प्रशिक्षक — तिची कारकीर्द मला पाठ आहे. इथे आली तेव्हा साधी उडी धड जमत नव्हती तिला! एकटीने खेळणाऱ्या मुलींत तळाला. पण हाडं चिमणीची — तेवढ्यावर टॉर्स्टन मिळाला. टॉर्स्टन कोण? माझा जोडीदार होता, बाई. याच हॉलमध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं तेव्हा, त्याने मला उचललं, पाडलं, परत उचललं. उचलताना ‘हप्’ म्हणायचा. पुढे टीव्हीवर तिला उचलताना त्याचे ओठ हलले की मी खोलीतून उठून जायचे — माझा होता तो ‘हप्’! लग्नही केलं तिने त्याच्याशी, आणि सोडलंही. मी असते तर — जाऊ दे.

जोडी का तुटली? वाढले मी, दुसरं काय! दर सोमवारी चौकटीपाशी उभं करून माप घ्यायचे, आणि एका उन्हाळ्यात मी ही अशी ताडमाड. जोडीतल्या मुलीने लहानच राहायचं असतं ना. ट्रेनर म्हणाले, मार्लिस, उद्यापासून टॉर्स्टनबरोबर कॅरोला. वर त्याचा हात कसा धरायचा ते तिला मीच दाखवायचं — दाखवलं की! आणि आजवर एका तरी मुलाखतीत माझं नाव घेतलंय? नाव सोडा हो, ‘एक मुलगी होती’ एवढंसुद्धा नाही.

जरा उभ्या राहा बघू. राहा हो — बघा, माझ्याहून उंच तुम्ही. आणि मेरलेचे बाबा? त्याहून? मग झालंच. कॅरोला मुलीआधी आईकडे बघेल. बघतातच, आमच्या वेळीही आईबापांना बोलावून घ्यायचे, पोर किती वाढणार त्याचा अंदाज यायला. घेतली तरी दोन वर्षं वापरेल, वाढली की काढून टाकेल, आणि मग रडत कोणाकडे येईल? माझ्याकडेच. त्यापेक्षा इथेच राहू दे, एकटीने खेळू दे — तिच्या भल्यासाठीच सांगतेय.

काय म्हणालात? एकटीने कुठवर जाईल?

— फार नाही. खोटं कशाला बोलू, उडीच कच्ची आहे तिची. पण परवा मी तिला डोक्यावर उचलून धरलं, इथे, जमिनीवर — तर पोरगी हसली हो! बाकीच्या घाबरून मान आवळतात, ही वर गेली की हसते. तशी हसणारी मी आजवर एकच पाहिली. हो, तीच. म्हणून तर जळफळाट होतो माझा! त्या बाईला सगळं मिळालं — टॉर्स्टन, पदक, पोस्टरं — आणि आता हीसुद्धा? माझ्या हातची?

बघा, मशीन थांबलं. मेरलेही आली. — नाही गं राणी, काही नाही, आईशी बोलतेय. बाहेर थांब.

माझी आई तुमच्याएवढीच उंच होती. निवडीच्या दिवशी पायघोळ स्कर्ट घालून आली आणि स्कर्टच्या आत गुडघे वाकवून उभी राहिली — माझी पाळी येईपर्यंत तशीच, चेहऱ्यावर हसू ठेवून. ट्राममध्ये पाय लटपटत होते तिचे. म्हणून मला घेतलं. म्हणून तेवढे दिवस तरी तो टॉर्स्टन माझा होता.

बर्लिनला शनिवारी जायचंय? मग हे टाचांचे बूट नकोत. स्कर्ट लांब घाला, मेरलेच्या बाबांना घरीच ठेवा. आणि गुडघे सारखे वाकवायचे, एकच वाकवलात तर कंबर तिरकी दिसते, कॅरोलाच्या लगेच लक्षात येईल. निघा आता, माझी पोरं खोळंबलीत. तो केक तेवढा मेरलेला बांधून — नको, राहू दे. शनिवारी वजन करतील.