पावलाचा कागद

इस्तेला : अजून ओढ, लोला. मी श्वास धरलाय.

लोला पुरिंग : धरून किती वेळ धरशील? सहावीचा निरोप समारंभ दोन तासांचा. एकट्या पाद्रीबाबांचंच भाषण पाऊण तास.

इस्तेला : ओढ ना!

लोला पुरिंग : ओढली तर चेन हातात येईल तुझ्या आजीच्या. सोड आता. फ्रॉक लहान आहे.

इस्तेला : फ्रॉक लहान नाहीये. मी जाड आहे.

लोला पुरिंग : हाँगकाँगहून खोक्यात बसून कोण आलं? तू की फ्रॉक? तू इथेच होतीस. म्हणजे चूक त्याची.

इस्तेला : बूटही चढत नाहीत. तेही चुकले का?

लोला पुरिंग : बुटांचंच मला कोडं पडलंय. फ्रॉक तुझ्या आईने अंदाजाने घेतला असेल. पण बुटांसाठी आपण पावलाचा कागद पाठवला होता. तू कागदावर पाय ठेवलास, भोवती पेन्सिल फिरवलीस. फिरवलीस ना?

इस्तेला : फिरवली.

लोला पुरिंग : मग?

इस्तेला : मला काय माहीत! दहा दिवस आहेत अजून. आजपासून भात बंद.

लोला पुरिंग : आजपासून? चार दिवस झाले तू ताटातला भात कोंबड्यांना घालतेस. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. कोंबड्यांना चालवत नाही आता.

इस्तेला : मग काय करू? अशी उघड्या पाठीने स्टेजवर जाऊ? जुनजुन आणि ती सगळी खालून डुकरासारखं ओरडतात माझं नाव घेतलं की. हजेरीला पण.

लोला पुरिंग : जुनजुनच्या थोबाडाकडे मी बघते. तू आधी तो फोन घे. रविवार आहे, चर्च सुटलं असेल तिचं. आता येईलच.

इस्तेला : आला तर सांग सिग्नल नाहीये.

लोला पुरिंग : पोरी, या घरात भिंतीला भोकं आहेत. सिग्नल कुठूनही येतो.

इस्तेला : मग मी नेहमीसारखा फोन पलंगावर उताणा ठेवते. बोलेन मी.

लोला पुरिंग : बोलशील, पण ती छताशी. नाताळपासून तुझी आई त्या पत्र्याशी गप्पा मारतेय. मागच्या वेळी मला विचारत होती, पाल बाळंत झाली का म्हणून.

इस्तेला : नाताळला ती काय म्हणाली ते तूही ऐकलंस.

लोला पुरिंग : अगं, ती आपली बोलायची रीतच आहे गं. भेटलं माणूस की 'जाड झालीस', 'काळी पडलीस'. मी पाद्रीबाबांनाही म्हणते.

इस्तेला : पाद्रीबाबा बारा वर्षांचे नाहीत. आणि त्यांच्या मागे सगळी मामेभावंडं खिदळत उभी नव्हती. वर्षभराने फोनवर नीट चेहरा दिसला तिला माझा. पहिलं वाक्य काय? 'अगं बाई, किती जाड झालीस! आणि ऊन किती लागलंय!' मग पुढच्या खोक्यात गोरं करणारा साबण. सहा वड्या.

लोला पुरिंग : तो मी परकराला लावला. परकर होता तसाच आहे.

इस्तेला : हसू नको, लोला.

लोला पुरिंग : नाही हसत. इकडे ये. तुला एक सांगायचंय, आईला सांगू नको. तू पाळण्यात होतीस ना, रोज सकाळी मी तुझं नाक चिमटीत धरून ओढायची. सरळ व्हावं म्हणून. तू रडायचीस, मी ओढायची. तुझ्या आईचंही ओढलं. तिला तर तुझ्या वयाची होईपर्यंत उन्हात खेळू दिलं नाही. दारात उभी राहून समुद्राकडे बघत बसायची.

इस्तेला : झालं का सरळ?

लोला पुरिंग : बघ की आरशात. तिघींचं एकच नाक आहे, माझ्या आईचं. उगाच दोन लेकरांना रडवलं मी... वाजला फोन. उचल.

इस्तेला : हॅलो, नानाय.

नेनिता : इस्तेला! ऐक ना, मिळालं का खोकं? उघडलंत? फ्रॉक बसला?

इस्तेला : हो. मस्त.

नेनिता : खरंच? आणि बूट? पट्ट्याचेच हवे होते ना तुला? घालून दाखव ना. एकदाच.

इस्तेला : सिग्नल... अडकतंय... ऐकू येत नाही नीट...

नेनिता : मला तर स्वच्छ ऐकू येतंय. पंखा पण ऐकू येतोय.

लोला पुरिंग : नेनिता, फ्रॉक बसत नाही. बूटही नाही. टाचेवर नुसते अडकून बसतात.

इस्तेला : लोला!

लोला पुरिंग : काय लोला? एवढ्या लांबून खोकं आलं, खरं बोलायला काय होतं?

नेनिता : बूट कसे नाही बसत, इनाय? अगं आई, कागद नेला होता मी दुकानात. बूट त्या कागदावर ठेवून बघितले. आणि पाऊल एवढंसं बघून मीच म्हटलं, नाताळला फोनमुळे जाड दिसली असेल, पोर अजून बारीकच आहे. फ्रॉकही त्याच हिशेबाने घेतला. शितावरून भाताची परीक्षा.

इस्तेला : ते शीत खोटं होतं.

नेनिता : म्हणजे?

इस्तेला : पेन्सिल मी आतून फिरवली. पायाखाली घालून. बोटं तर अर्धीच काढली.

नेनिता : का गं?

इस्तेला : तू म्हणाली असतीस, अगं बाई, केवढा पाय!

लोला पुरिंग : ऐकतेयस ना, नेनिता? की फोन गेला?

नेनिता : आहे मी. इस्तेला, तो कागद माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. झोपताना दार उघडते आणि त्याच्यावर हात ठेवते. रोज. मी इकडे आले, तू नऊ वर्षांची होतीस, तेव्हा तुझं पाऊल माझ्या तळहातात बसायचं. कागदावरचंही बसलं. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, मी नसताना फारसं काही झालेलं नाही. मला पोहोचायला अजून उशीर झालेला नाही.

इस्तेला : मला माहीत नव्हतं.

नेनिता : तुला कसं माहीत असणार? आणि नाताळचं ऐक. तू फोनवर समोर आलीस आणि मला तू ओळखूच आली नाहीस क्षणभर. माझी पोर, आणि मला ओळखू येईना. घाबरले मी. आणि तोंडात जे तयार होतं ते निघालं. माझ्या लहानपणी मला जे ऐकवलं तेच. तेव्हा मला कसं वाटायचं ते मला पाठ आहे, तरी बोलले. चुकलं माझं.

लोला पुरिंग : त्यातलं अर्धं माझं.

नेनिता : आता त्या छतावर दोन गंजके डाग आहेत, मला डोळे मिटूनही दिसतात. तुझा चेहरा मात्र आठवावा लागतो. मला छत नकोय गं.

लोला पुरिंग : आणि जाड जाड काय लावलंय? नेनिता, नोव्हेंबरच्या वादळात मला आसऱ्याला शाळेपर्यंत कोणी नेलं असं तुला वाटतं?

नेनिता : दोदोंगने. त्यानेच तर सांगितलं.

लोला पुरिंग : तुझा भाऊ पाणी ओसरल्यावर आला. मला हिने नेलं. पाठीवर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून. वाटेत मी तीनदा म्हटलं, ठेव मला. ही म्हणाली, 'लोला, गप बस, कानात बोलू नकोस.' हे खांदे आणि हे पाय नसते तर आज मी भिंतीवरच्या फोटोत असते.

नेनिता : मला का नाही सांगितलंत?

इस्तेला : तू काम सोडून आली असतीस.

नेनिता : आले असते.

इस्तेला : म्हणूनच.

लोला पुरिंग : रडू नका दोघी, सिग्नल ओला होईल. फ्रॉकचं मी बघते. शेजारची बेबांग दोन्ही कुशींना पट्टी घालून देईल. तुझा पिवळा स्कर्ट पेटीत आहे, नेनिता. दर उन्हाळ्यात वाळवून ठेवते. कापू?

नेनिता : काप. आणि पायात?

इस्तेला : चपला. धुऊन घालीन. नवा कागद पाठवते तुला. या वेळी पेन्सिल बाहेरून.

नेनिता : सगळी बोटं काढ.

इस्तेला : सगळी. नानाय... फोन फिरवू?

नेनिता : तुला वाटत असेल तरच.

इस्तेला : मागे चेन उघडी आहे हं.

नेनिता : असू दे.

इस्तेला : आणि पहिलं वाक्य जपून.

नेनिता : बोलतच नाही.

(इस्तेला पलंगावरचा फोन उचलून स्वतःकडे वळवते.)

इस्तेला : ...आता बोल की काहीतरी.

नेनिता : थांब गं. बघू दे.

लोला पुरिंग : बघ, बघ. नाक बघ. तिघींचं.

इस्तेला : पायही दाखवू? खरे? लोला, धर फोन.

नेनिता : दाखव. जरा मागे सर. अजून. अजून थोडी.

इस्तेला : भिंत आली. दिसतेय का सगळी?

नेनिता : नाही गं. फोन लहान आहे.