तात्यांच्या बंबातला निखारा

मंडळी, बसून घ्या. मागं उभी असलेली पुढं या, सतरंजीवर जागा आहे. पुढं बसायला लाजू नका, तात्यांच्या सभेत कुणी लाजलेलं तात्यांना चालायचं नाही.

मला बोलायला सांगितलंय. आता मला बोलता येत नाही असं म्हटलं तर तुम्हीच हसाल. चहाच्या टपरीवर माझं तोंड कधी बंद असलेलं कुणी बघितलंय? पण इथं समोर फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि फोटोतले तात्या असे बघतायत की आत्ता म्हणतील, "आमल्या, लांबड लावू नगंस. वाफ जाती." त्यामुळं आज जपून बोलतोय. जरा सांभाळून घ्या.

मी अमोल. नववी नापास. हल्ली पंजाबात असतो, तिथं भाताच्या पेंढ्यावर वीज करायचा प्लँट आहे, त्याच्या बॉयलरवर टेक्निशियन आहे. तात्यांच्या मातीला मी पोचलो नाही. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत, एवढाच निरोप फोनवर आला. गाडीत बसलो ते काल उतरलो. उतरलो तो आधी तात्यांच्या घरी गेलो. काकी सोप्यात बसल्या होत्या. मी सवयीनं मागं परड्यात गेलो. आणि तिथं बघितलं, तर बंब पालथा घालून भिंतीला लावलेला.

मंडळी, तात्यांचा बंब पालथा मी जन्मात बघितला नव्हता.

काकींना म्हटलं, "बंब का पालथा?" तर म्हणाल्या, "आता कशाला पेटवायचा बाबा. आनी ह्या वर्षीचा निखारा दुसऱ्या घरातनं न्या. माझ्या हातचा नगं."

त्यासाठी मी उभा आहे. तात्यांबद्दल चांगलं बोलायला कारखान्याचे साहेब बोलले, सरपंच बोलले, माझ्यापेक्षा चांगलं बोलले. मला काकींकडं एक मागायचंय. ते सगळ्यांसमोर मागतो, म्हणजे त्यांना घरात "नको" म्हणायला सोपं होतं तसं इथं होणार नाही.

आता बाहेरगावची पाहुणे मंडळी बसलीत, त्यांना निखारा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

पावणं, आमच्या कारखान्याच्या वीजप्रकल्पात उसाचा चोथा जाळून वाफ करतात आणि वाफेवर वीज. गाळप हंगामाच्या आधी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो. मांडव, पूजा, पूजेला नवराबायकोची जोडी, नारळ, भाषणं. मग प्रमुख पाहुणे पेटती मशाल भट्टीत टाकतात आणि फोटो निघतो. फोटोत पाहुणे दिसतात, मशाल दिसते. मशाल पेटली कशावर, ते फोटोत येत नाही. ती पेटते तात्यांच्या बालदीतल्या निखाऱ्यावर. घरचा बंब, बंबातला बाभळीचा निखारा, पत्र्याच्या बालदीत राखेत पुरलेला, आणि बालदी सायकलच्या हँडलला. तात्या बॉयलर अटेंडंट होते तेव्हा असंच, आणि रिटायर झाल्यावरही असंच.

एका वर्षी पाहुण्यांना घाई होती, त्यांनी लायटरनं मशाल पेटवली. त्या हंगामात बॉयलरच्या पंख्याचा पट्टा सारखा तुटत राहिला. सगळा प्लँट म्हणायला लागला, निखारा चुकला, निखारा चुकला. मी तात्यांना विचारलं, "तात्या, खरं काय?"

तात्या म्हणाले, "पट्ट्याचा आनी निखाऱ्याचा काय संबंध रं? पुली वाकडी बसवल्याली."

"मग तुम्ही निखारा का नेताय?"

तर माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. म्हणाले, "पयल्या दिवशी कुणाच्या दारात मोकळ्या हातानं जातंय व्हय माणूस? घरातनं काय तरी न्यावं की."

बस. एवढंच कारण. मंत्र नाही, नवस नाही. घरातनं काय तरी न्यावं.

आणि घरातनं म्हणजे कुणाकडनं? मी बघितलंय म्हणून सांगतो. तात्या बालदी घेऊन नुसते उभे राहायचे. निखारा निवडायच्या काकी. चिमट्यानं एक वर काढणार, फुंकणार, "ह्यो पोकळ हाय," म्हणून परत आत टाकणार. दुसरा काढणार. तात्या कुरकुरायचे, "अगं बॉयलर पेटवायचाय, नवरदेव न्हाय बघायचा." काकी म्हणायच्या, "नवरदेव निवडताना बापानं घाई केली, म्हणून आता बघून घेती."

हसा, हसा. तात्या पण हसायचे.

ह्या बंबावर त्यांचा जीव किती होता, ते महापुरात सगळ्यांनी बघितलंय. गावात पाणी शिरलं तेव्हा लोकांनी ट्रॅक्टरवर काय काय घेतलं? टीव्ही घेतला, गाद्या घेतल्या, धान्य घेतलं. आणि तात्या आले डोक्यावर तांब्याचा बंब घेऊन. मागनं काकी गुडघाभर पाण्यातनं ओरडत, "मला न्हाय उचललासा, बंब उचललासा!" आणि तात्या ट्रॅक्टरवरनं काय म्हणाले, आठवतंय का कुणाला? "तुला पाय हाईत की!"

पण मंडळी, शाळेत छावणी पडली तेव्हा ज्या घरात बाळंतीण होती, त्या घराला विचारा गरम पाणी कुठनं आलं. शाळेच्या व्हरांड्यात तो बंब लावलेला. लोक रांगेत. काकी शेणी, म्हणजे गोवऱ्या, घालतायत, तात्या फुंकतायत आणि येईल त्याला सांगतायत, "ह्यो बी बॉयलरच हाय. फकस्त लायसन न्हाय ह्येला."

मी बॉयलर शिकलो तो ह्याच बंबावर. त्याआधी मी शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होतो, तिथनं सोडलं. गारगोटीला गॅरेजवर होतो, तिथनं सोडलं. ड्रायव्हरकी केली, सोडली. घरचे म्हणायचे, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, लग्न करून बांधून घाला. तात्यांनी मला परड्यात बंबापुढं बसवलं आणि म्हणाले, "पेटीव." मी सगळ्या शेणी कोंबल्या. धूर, नुसता धूर. डोळं चोळत बाहेर आलो. तात्या म्हणाले, "ढीग केलास की धूर होतोय. उसाचा चोथा भट्टीत कसा जळतोय? उडत उडत. खाली बसला की घुसमाटला. तू बी त्यातलाच हाईस. तुला कोण बांधणार?" आणि माझ्या वडलांना सांगितलं, "ह्येला बांधू नकासा. ह्येला हवा द्या."

मंडळी, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं म्हटलं की माझ्यात जी खोड आहे, ती खोड नाही, ती कामाची आहे. म्हणून मी पंजाबात आहे. आणि चांगला आहे. कुणी विचारलं तर सांगा, आमल्या तिकडं खुशीत आहे. काम घाणीचं आहे, पेंढ्याची राख वितळून नळ्यांना गुळाच्या काकवीसारखी चिकटते, गठ्ठ्याची सुतळी पेंढा आत ढकलणाऱ्या फीडरमध्ये अडकते, ती आत वाकून कापायची. ओला गठ्ठा आला की सगळं तुंबतं. पण मशीन चालू झाल्यावर जी घरघर लागते ना, ती ऐकून जेवण गोड लागतं. हे तात्यांनी लावलेलं.

आता मुद्द्यावर येतो. काकी, लक्ष द्या.

पंजाबातला आमचा बॉयलर मोठ्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पेटवायचा होता. मला वाटलं, आपण मोकळ्या हातानं कसं जायचं? पण तिथं मी खोलीवर राहतो, गॅसवर जेवतो. निखारा कुठला? तात्यांना फोन लावला. तात्यांचा फोन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, स्पीकरवर टाकायचा आणि वर परत ओरडायचं. म्हणाले, "गावात कुठं चूल न्हाय?" मी म्हटलं, गेटच्या बाहेर एका बाईचा तंदूर आहे, आम्ही सगळे तिथं रोट्या खातो, बीजी म्हणतो तिला. "मग तिच्याकडनं माग की."

मी मागायला गेलो, आणि अर्ध्या वाटेतनं परत फोन लावला. कारण मनात आलं, बीजीची ओढणी पांढरी. तिचा नवरा जाऊन वर्षं झालीत. मी म्हटलं, "तात्या, बाई विधवा हाय. पूजेच्या कामाला तिच्या हातचा निखारा चालंल काय?"

तात्या म्हणाले, "आमल्या, निखारा धरायला काय लागतंय?"

"हवा."

"आनी?"

"कोरडं जळण."

"आनी?"

"आनी काय न्हाय."

"कुंकू लागतंय?"

"न्हाय, तात्या."

"मग ठेव फोन, आनी पेटीव."

मंडळी, हे तात्यांचे शब्द. मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. आणि साक्षीला माणूस हवा असेल तर तो इथंच पुढं बसलाय. काकी, तुम्ही शेजारी होता. फोन स्पीकरवर होता. तात्या "पेटीव" म्हणाले आणि मागनं तुमचा आवाज आला. काय म्हणाला होता, आठवतंय? "त्या बाईला माझा नमस्कार सांग. आनी म्हणावं, निखारा बघून दे, पोकळ नगं."

मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. बीजी लई हसली. तिनं पण चिमट्यानं एक काढला, फुंकला, परत टाकला. दुसरा काढला. मला वाटलं, मी आपल्या परड्यातच उभा आहे.

परवा निघताना मी तिला सांगितलं, ज्यांनी तुमचा निखारा मागायला सांगितला ते गेले. तिनं डोळे पुसले आणि आत जाऊन एक पुडकं आणलं. "उस बहन को देना." काय आहे त्यात? गूळ! कोल्हापूरला गूळ! आता तिला काय सांगू, आमच्याकडं गूळ म्हणजे तुझ्या दारातल्या पाण्यासारखा, उदंड. मी गप पिशवीत टाकला आणि इतक्या लांब मांडीवर घेऊन आलो. काकी, तो तुमचा आहे.

तर आता मला सांगा. टपरीवर काल मी ऐकलं, कुणी म्हणत होतं, ह्या वर्षी सवाष्णीच्या घरातनं निखारा आणू, पद्धत आहे. कोण म्हणत होतं ते मी सांगत नाही. वाईट मनानं म्हणत नव्हता. मी त्याला एवढंच विचारतो, पद्धत कुणी पाडली? ज्यानं पाडली त्यानंच सांगितलंय, काय लागतं आणि काय लागत नाही. परक्या मुलखातल्या, कधी न बघितलेल्या बाईच्या हातचा त्याला चालला. मग त्याच्या घरातला, त्याच्या बायकोच्या हातचा कसा चालणार नाही? तात्या फक्त बालदी वाहायचे, मंडळी. निखारा काकींचाच होता. काल होता, परवा होता. तात्या गेले म्हणून तो दुसऱ्याचा कसा झाला?

बालदी न्यायला माणूस मिळेल. मी नेतो. कार्यक्रम होईपर्यंत मी हलत नाही, तिकडं रजा कळवलीय.

काकी, उत्तराची घाई नाही. सुतक, दुखवटा, तुमचं मन, सगळं समजतं. तुम्ही नाही म्हणाला तरी मी रागावणार नाही, कुणीच रागा...

काय? काय म्हणाला? जरा मोठ्यानं, मागं ऐकू येत नाही.

मंडळी, काकी म्हणतायत, "शेणी वल्या हाईत."

आता तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं? व्हय म्हणायचं का न्हाय म्हणायचं? तात्या असते तर म्हणाले असते, सरळ उत्तर ह्या बाईनं कधी दिलंय?

काकी, ओल्या जळणाची काळजी तुम्ही करू नका. ओलं जळण सुकवून पेटवायचं, हाच तर माझा धंदा आहे. सभा झाली की मी परड्यात येतो आणि पहिल्यांदा बंब सुलटा करतो.

आता उभे राहूया. तात्यांना शांतता आवडायची नाही, घरघर थांबली की ते जेवणावरनं उठायचे, काय बिघडलं म्हणून. म्हणून तात्या, आधीच सांगतो, ताटावरनं उठू नका. बिघाड काही नाही. आम्ही जरा वेळ तुमच्यासाठी गप्प उभे आहोत, एवढंच. नंतर घरघर परत चालू होईल.

मंडळी, डोळे मिटा.