देवगाव फाट्यावर ऐकलेलं जमैकाचं गाणं

विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली होती ना, तेव्हाचं सांगतो. माझा कॉलेजातला दोस्त किसन भीमगीतं गायचा. आमी दोघं जीपनं पाथरीला निघालो होतो. त्याच्या भावानं मस्कतहून रेगे म्हणत्यात त्या गाण्यांची कॅसेट पाठवलेली, तीच टेपवर चालू होती. नामांतरवाल्यांना गाडीतून उतरवून मारायलेत, असं कानावर आलं होतं.

देवगाव फाट्यावर काठ्या घेतलेल्या लोकांनी जीप अडवली. एकानं आत डोकं घातलं.

“हे गाणं कुठलं?”

“जमैकाचं,” मी म्हणालो.

“कोणत्या तालुक्यात आलं ते?”

“समुद्रापलीकडं हाय. दुसरा मुलुख.”

“म्हणायलेत काय?”

मी किसनचा गुडघा दाबला. तरी तो शांतपणे बोलला, “तिथली काळी माणसं हक्क मागायलेत.”

तो माणूस जरा वेळ ऐकत राहिला.

“मागू द्या. तिकडंच मागायलेत न्हवं?” म्हणाला आणि बाजूला झाला.

फाटा मागं पडला. मग किसननं जीपच्या पत्र्यावर तोच ठेका धरला आणि हळू आवाजात मराठी शब्द जुळवायला लागला. पुढच्या भीमजयंतीला पाथरीच्या मिरवणुकीतली सगळी पोरं त्या ठेक्यावर नामांतर मागत होती.